चार दिवसांचीं घरें

कोणत्याहि शहराचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे लेखणी आपोआप राजवाड्यांकडे, देवळांकडे आणि तटबंदीकडे वळते. टिकावी म्हणूनच जी वास्तु बांधली गेली तिची नोंद होते. जी चार दिवसांच्या सोयीसाठीं उभी राहिली ती उतरली कीं विसरली जाते. वास्तविक मोठ्या संकटांत माणसांस तारून नेलें तें बहुधा या दुसऱ्या जातीच्या बांधकामानें. विसाव्या शतकाच्या आरंभीं आपल्याकडे प्लेग आला म्हणजे गांवेंच्या गांवें घरदार सोडून रानांत राहावयास जात. बांबूच्या तट्ट्या, तुराट्या आणि गवत एवढ्या सामग्रीवर सुतार-बुरूड मंडळी दोन दिवसांत वस्ती उभी करीत, आणि सांथ ओसरली कीं ती वस्ती मोडून लोक परत आपापल्या घरीं येत. त्या झोपड्यांचा एकहि अवशेष आज कोणास दाखवितां येणार नाहीं. जुन्या माणसांच्या बोलण्यांत मात्र त्या मुक्कामाच्या आठवणी पुष्कळ दिवस राहिल्या.

परंतु जगांत एक शहर असें आहे कीं, तेथें संकटकाळीं एका हिवाळ्यापुरतीं म्हणून बांधलेलीं घरें शंभर वर्षें उलटून गेलीं तरी अजून उभीं आहेत, आणि त्यांपैकीं कांहींत माणसें संसार करीत आहेत. तें शहर म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रॅन्सिस्को. तीं घरें कोणीं बांधलीं, कोणासाठीं बांधलीं, आणि कोणासाठीं बांधलीं नाहींत, याचा वृत्तांत थोडक्यांत सांगावा असा या लेखाचा हेतु आहे. त्यांत सुतारांच्या कसबाचें कौतुक आहे. पण केवळ कौतुक नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवितों.

इ. स. १९०६ च्या एप्रिल महिन्याची १८ तारीख. पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनीं शहर अर्धवट झोपेंत असतां जमीन हादरली. सॅन अँड्रियास या नांवानें भूगर्भशास्त्रांत प्रसिद्ध असलेला भूकवचांतील तडा सुमारें ३०० मैलांच्या लांबीवर सरकला. आजच्या मापनानें या भूकंपाची तीव्रता ७.९ च्या आसपास धरितात. धक्का पुरता एक मिनिटहि टिकला नसेल. पण तेवढ्यांत विटांच्या चिमण्या कोसळल्या, दर्शनी भिंती रस्त्यांत येऊन पडल्या, आणि समुद्राकडील व ओढ्यांच्या पात्रांतील जी जमीन भराव घालून तयार केलेली होती ती जणुं पातळ झाली. अशाच भरावावर व्हॅलेन्शिया रस्त्यावरचें एक चार मजली लाकडी हॉटेल उभें होतें. तें खालीं खचलें, आणि खालच्या मजल्यांवरील कित्येक माणसें आंतल्या आंत दबून व बुडून मेलीं. लांकूड भूकंपांत तग धरितें हें खरें. पण पायाखालची जमीनच खोटी असेल तर लांकूड काय करणार? समुद्र हटवून जागा मिळविणाऱ्या मुंबईसारख्या शहरांतील वाचकांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

भूकंपानें जें सोडलें तें आगीनें घेतलें. मोडक्या चुली, तुटलेल्या गॅसच्या नळ्या आणि पडलेले दिवे यांमुळें पांचपन्नास ठिकाणीं आग लागली. पाण्याचे मुख्य नळ फुटलेले; अग्निशामक दलाचे प्रमुख डेनिस सलिव्हन हे पहिल्याच धक्क्यांत जबर जखमी होऊन चौथ्या दिवशीं मरण पावले. हेझ व्हॅली नांवाच्या भागांत एका बाईनें सकाळची न्याहरी करण्यासाठीं चूल पेटविली. वरची चिमणी भूकंपानें फुटली आहे हें तिला ठाऊक नव्हतें. त्या चुलींतून जी आग निघाली तिनें शहराचा मोठा भाग गिळला, आणि इतिहासांत ती ‘न्याहरीची आग’ अशाच अर्थाच्या नांवानें प्रसिद्ध आहे. आगीच्या वाटेंतील इमारती सुरुंगानें उडवून तिला अडवावें असा लष्कराचा बेत होता. अनाडी हातांनीं उडविलेल्या सुरुंगांनीं कित्येक ठिकाणीं नव्याच आगी लाविल्या. तीन दिवसांनंतर आग शमली तेव्हां सुमारें २८,००० इमारती नाहींशा झाल्या होत्या, आणि चार लाखांच्या वस्तीपैकीं सव्वा दोन लाख माणसें बेघर झालीं होतीं. मृतांचा सरकारी आंकडा तेव्हां पांचशेंच्याहि आंत दाखविला गेला. पुढील संशोधनानें तो तीन हजारांच्या घरांत वा त्याहि वर जातो असें आतां मानतात. व्यापारी शहराला आपली पत राखावयाची होती. शिवाय विमा आगीचा असे, भूकंपाचा नसे. म्हणून पुष्कळ दिवस तेथील प्रतिष्ठित मंडळी ‘भूकंप’ हा शब्दच टाळून ‘ती आग’ एवढेंच म्हणत असत.

आतां त्या सव्वा दोन लाख माणसांकडे वळूं. हजारों लोक आगबोटींतून खाडीपलीकडे ओकलंडला गेले. रेल्वेनें त्यांस भाडें न घेतां नेलें. जे राहिले ते उघड्यावर आले. गोल्डन गेट पार्क ही विस्तीर्ण बाग, प्रेसिडिओची लष्करी छावणी, शहरांतील लहानमोठे चौक, जेथें म्हणून मोकळी जागा होती तेथें सतरंज्या, पडदे, दारें, पलंगपोस जें हातीं लागेल त्याचे आडोसे उभे राहिले. चार दिवसांनीं लष्करानें तंबू ठोकले, रांगा आंखल्या, शौचकूप खणले, पाणी उकळून पिण्याचा दंडक घातला. चिमण्यांची तपासणी होईपर्यंत घरांत चूल पेटविण्यास मनाई असल्यामुळें ज्यांचीं घरें वांचलीं होतीं तेहि रस्त्याच्या कडेला चुली मांडून स्वयंपाक करूं लागले. श्रीमंत व गरीब एकाच रांगेंत भाकरीसाठीं उभे राहिले, असें वर्णन त्या काळच्या लेखकांनीं मोठ्या उमाळ्यानें केलेलें आढळतें. तें पहिल्या आठवड्यापुरतें बरेंचसें खरें होतें. पुढें पैसेवाल्यांनीं भाड्याचीं घरें गांठलीं, ज्यांचे आप्त बाहेरगांवीं होते ते तिकडे गेले, आणि तंबूंतून राहिले ते शहराच्या दक्षिण भागांतील भाडोत्री खोल्यांत राहणारे मजूर, विधवा, म्हातारीकोतारी आणि लेंकुरवाळीं कुटुंबें.

मदत थोडी आली असें नाहीं. देशभरांतून व परदेशांतून लक्षावधि डॉलर आले. अमेरिकन काँग्रेसनें २५ लक्ष डॉलर मंजूर केले. परंतु त्या वेळीं शहराच्या नगरपित्यांची कीर्ति चांगली नव्हती. महापौर युजीन श्मिट्झ हे पूर्वीं वाद्यवृंदाचे चालक व वादकांच्या संघाचे अध्यक्ष. कामगार पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले. आणि पुढें १९०७ सालीं लांचलुचपतीच्या खटल्यांत सांपडून पदच्युत झालेले गृहस्थ. तेव्हां पैसा यांच्या हातीं न देतां व्यापारी व सावकार मंडळींची एक समिति नेमावी असें ठरलें. माजी महापौर जेम्स फेलन तिचे अध्यक्ष. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं रेड क्रॉसतर्फें एडवर्ड डिव्हाइन यांस पाठविलें. हे न्यू यॉर्कच्या दानधर्म-संघटनेचे चिटणीस व समाजार्थशास्त्राचे प्राध्यापक. दानानें माणूस आळशी होतो, म्हणून दान हें नेहमीं चौकशीअंतीं आणि मोजून मापून द्यावें, हें या पंथाचें मुख्य तत्त्व. जुलै महिन्याच्या आरंभीं लष्करानें मदतकार्यांतून अंग काढून घेतलें आणि सर्व भार या समितीवर आला.

समितीपुढें पहिला प्रश्न होता पावसाचा. आपल्याकडे पाऊस उन्हाळ्याच्या शेवटीं येतो. त्या किनाऱ्यावर तो हिवाळ्यांत येतो. कार्तिक-मार्गशीर्षापासून जो लागतो तो फाल्गुनापर्यंत थांबून थांबून पडतो, आणि सोबत समुद्रावरचा बोंचरा वारा असतो. एप्रिलांत ठोकलेले तंबू ऑक्टोबर-नोव्हेंबरांत टिकणार नाहींत हें उघड होतें. पुढची व्यवस्था तीन प्रकारची झाली. जळालेल्या भागांत ज्याची स्वतःची जागा होती त्यानें घर बांधावयास घेतलें तर खर्चाचा तिसरा हिस्सा, जास्तींत जास्त ५०० डॉलरपर्यंत, त्यास बक्षीस मिळावयाचा. निराधार वृद्ध व आजारी लोकांस इंगलसाइड येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरील तबेले झाडूनपुसून राहावयास दिले. आणि ज्यांच्याजवळ जमीनहि नाहीं व ज्यांस तबेल्यांतहि घालतां येत नाहीं, अशा काम करून खाणाऱ्या हजारों कुटुंबांसाठीं लाकडी घरें बांधावीं असें ठरलें.

येथें सुतारांचा प्रवेश होतो. सॅन फ्रॅन्सिस्को हें त्या काळीं अमेरिकेंतील मजूर-संघांचें बळकट ठाणें होतें. बांधकामाच्या सर्व धंद्यांचा मिळून जो ‘बिल्डिंग ट्रेड्स कौन्सिल’ नांवाचा संघ होता त्याचे अध्यक्ष पी. एच. मॅकार्थी हे आयर्लंडांतून आलेले, स्वतः हातांत रंधा धरलेले सुतार होते. पुढें १९१० त ते शहराचे महापौर झाले. संघाच्या कार्डाशिवाय शहरांत कोणीं खिळा ठोकूं नये असा त्यांचा दरारा. सगळें शहरच पुन्हां बांधावयाचें असल्यामुळें सुतारास मागेल ती मजुरी मिळण्याचे ते दिवस होते. लांकूड महाग, खिळे महाग, माणूस तर त्याहून महाग. अशा वेळीं सप्टेंबर १९०६ पासून मार्च १९०७ पर्यंत, म्हणजे सुमारें सात महिन्यांत, संघाच्या सुतारांनीं ५,६१० घरें उभीं केलीं. हिशेब केला तर दिवसाला सरासरी पंचवीस-तीस घरें पडतात. त्यांनीं तें काम फुकट केलें नाहीं; मजुरी घेऊनच केलें. हें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, संकटांत केलेलें काम फुकट असेल तरच तें पवित्र, अशी आपली एक भाबडी समजूत असते. चोख काम करून चोख दाम घेणारा कारागीर अशा वेळीं कितीदां दात्याहून अधिक उपयोगी पडतो.

घरें कशीं होतीं? सर्वांत लहान नमुना १० फूट रुंद आणि १४ फूट लांब. दुसरा १४ फूट बाय १८ फूट. मोठ्या कुटुंबासाठीं १५ फूट बाय २५ फूट. मुंबईच्या चाळींतील खोली ज्यांनीं पाहिली आहे त्यांस या मापांची कल्पना लगेच येईल. भिंती रेडवुडच्या फळ्यांच्या, जमीन फर जातीच्या लांकडाची, छपरावर सीडरच्या पातळ फळ्यांचीं कौलें. पाया असा नाहींच. तुळया जमिनीवर ठेवून त्यांवर सांगाडा. एक दार, दोन-तीन खिडक्या, एका कोपऱ्यांत चूल. न्हाणीघर व शौचकूप सर्वांस मिळून. घरें बागांतून व चौकांतून उभीं राहावयाचीं असल्यामुळें झाडीशीं विजोड दिसूं नयेत म्हणून सर्वांस बागेंतील बांकांचा हिरवा रंग लाविला. अशीं रांगेनें शेंकडों हिरवीं घरें, मधून फळ्यांच्या वाटा, वाळत घातलेले कपडे आणि खेळणारीं पोरें, असें त्या वेळच्या छायाचित्रांतून दिसतें. एकूण १६,४४८ माणसांस या घरांतून आसरा मिळाला.

रेडवुड हा त्या किनाऱ्याचा खास वृक्ष. आपल्याकडे सागाची जी प्रतिष्ठा ती तिकडे त्याची. त्यास वाळवी सहसा लागत नाहीं, ओलानें तो लवकर कुजत नाहीं. समितीनें तो निवडला त्याचें कारण तें लांकूड तेथें मुबलक होतें हेंच असावें. दूरदृष्टीचें श्रेय तिला देण्याचें कारण नाहीं. पण फळीला फळी नीट भिडविणें, छपराचा उतार बरोबर धरणें, दाराची चौकट काटकोनांत बसविणें हें लांकडाच्या जातीवर अवलंबून नसतें; तें माणसाच्या हातावर असतें. हें घर सहा महिन्यांनीं मोडावयाचें आहे हें ठाऊक असतांहि तें वेडेंवांकडें ठोकून मोकळें व्हावें असें त्या हातांनीं केलेलें दिसत नाहीं. तसें असतें तर पुढची हकीकत घडलीच नसती.

घरें फुकट दिलेलीं नव्हतीं. दरमहा थोडें भाडें द्यावयाचें, तें किंमतींत जमा धरावयाचें, आणि साधारण ५० डॉलरच्या आसपास असलेली ती किंमत फिटली म्हणजे घर भाडेकरूच्या मालकीचें व्हावयाचें, अशी ही योजना होती. मात्र अट एक: जागा सार्वजनिक बागेची, ती ठरलेल्या मुदतींत मोकळी करून घर आपल्या खर्चानें उचलून न्यावयाचें. योजनेची तारीफ पुष्कळ झाली आहे. परंतु छावण्यांतून सर्वच संतुष्ट होते असें नाहीं. आमच्यासाठीं म्हणून जगानें पैसा पाठविला. त्या पैशांतून बांधलेल्या घराचें भाडें आम्हांकडून कां घेतां, असा प्रश्न कांहीं निर्वासितांनीं उघड उघड विचारला, आणि त्यांत बायका पुढें होत्या. मेरी केली नांवाच्या बाईनें तर भाडें देण्याचें साफ नाकारलें. अधिकाऱ्यांनीं घर उचलून गाडीवर घातलें आणि घराबाहेर पडावयास तयार नसलेल्या त्या बाईसकट तें दुसरीकडे नेलें. हा प्रसंग ऐकून हसूं येतें. पण तिचा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. ज्याची जमीन होती त्यास ५०० डॉलर बक्षीस, आणि जिची जमीन नव्हती तिला दहा बाय चौदाच्या खोलीचें भाडें, हा न्याय तिला उमगेना. आणि खरें सांगावयाचें तर अजूनहि तो सहज उमगत नाहीं.

छावण्यांच्या अखेरच्या वर्षीं आणखी एक संकट आलें, आणि तें आपल्या परिचयाचें होतें. मे १९०७ पासून शहरांत प्लेग दिसूं लागला. मुंबईस १८९६ त आणि पुण्यास १८९७ त ज्यानें थैमान घातलें त्याच जगभरच्या सांथीची ही शाखा. १९०० सालीं ती पहिल्यानें तेथें पोंचली तेव्हां अधिकाऱ्यांनीं काय केलें होतें? चिनी वस्तीला दोर बांधून वेढा घातला होता. माणसांस कोंडलें, कीं रोग कोंडला जातो अशी समजूत. पुण्याच्या घरझडत्या आणि विलगीकरण यांचे चटके ज्यांनीं वाचले आहेत त्यांस या समजुतीचें स्वरूप वेगळें सांगावयास नको. परंतु मधल्या सात वर्षांत शास्त्र पुढें गेलें होतें. उंदरांवरील पिसवांच्या द्वारें प्लेग माणसांत येतो, हें सिमों या फ्रेंच वैद्यानें १८९८ सालीं कराचींत दाखविलें होतें. आणि १९०५ पासून आपल्या मुंबईंतील परळच्या प्रयोगशाळेंत ग्लेन लिस्टन आदि मंडळींनीं एकामागून एक प्रयोग करून तें निर्विवाद सिद्ध केलें. तेव्हां १९०७ त डॉक्टर रूपर्ट ब्लू यांनीं माणसांचा पाठलाग सोडून उंदरांचा धरिला. लोबोस चौकांतील छावणींत निर्वासितांस प्लेग झाला तेव्हां तेथील घरें सुमारें दीड फूट वर उचलून खालीं मोकळी जागा ठेवण्यांत आली. हेतु हा कीं, उंदरांस दडावयास आसरा राहूं नये आणि मांजर-कुत्र्यांस आंत शिरतां यावें. पाया नसलेलें घर उचलावयास सोपें! परळच्या प्रयोगशाळेंत उंदरांच्या पिंजऱ्यांपाशीं सिद्ध झालेली गोष्ट सात समुद्रांपलीकडे एका चौकांतील लाकडी घरांची उंची ठरविते, हा ज्ञानाचा प्रवास इतिहासाच्या वाचकास सुखविल्यावांचून राहत नाहीं. ज्ञानाची किंमत मात्र आपल्याकडील लक्षावधि घरांनीं मोजली होती.

१९०७ च्या ऑगस्टपासून छावण्या उठूं लागल्या आणि जून १९०८ च्या अखेरीस शेवटची उठली. त्या दहा महिन्यांत शहराच्या रस्त्यांतून एक विलक्षण मिरवणूक चालूं होती. गाड्यांवर घरें चढविलेलीं, पुढें घोडे जुंपलेले, आणि मागून घरवाली आपलीं भांडींकुंडीं घेऊन चाललेली. अशा रीतीनें ५,३४३ घरें बागांतून निघून खासगी जमिनींवर गेलीं. शहराच्या पश्चिमेस वाळूच्या टेकड्या होत्या, दक्षिणेस बर्नाल हाइट्सचे उतार होते. तेथें जमीन स्वस्त होती. कोणी ती हप्त्यानें घेतली, कोणी भाड्यानें. एक घर लहान पडतें म्हणून दोन घरें शेजारीं ठेवून मधली भिंत काढली. कोणीं तीन जोडलीं, कोणीं चार. एक स्वयंपाकघर झालें, एक माजघर, एक निजावयाची खोली. पुढें पडवी आली, मागें न्हाणीघर आलें, बाहेरून नवा गिलावा चढला. चार दिवसांचें घर कायमचें झालें. भूकंपापूर्वीं जे दुसऱ्याच्या इमारतींत महिन्याच्या महिन्याला भाडें मोजीत होते त्यांपैकीं कित्येक जण भूकंपानंतर, आयुष्यांत पहिल्यांदांच, आपल्या म्हणावयाच्या छपराखालीं निजले. ही गोष्ट लहान नव्हे.

येथें थांबतां आलें असतें तर हा लेख गोड झाला असता. परंतु आरंभीं मीं विचारलेला तिसरा प्रश्न अजून राहिला आहे: तीं घरें कोणासाठीं बांधलीं नाहींत? आगींत चिनी लोकांची वस्ती सबंध जळाली. त्यांस एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हुसकीत हुसकीत शेवटीं प्रेसिडिओच्या एका कोपऱ्यांत वेगळें ठेवण्यांत आलें; हिरव्या घरांच्या छावण्यांतून त्यांस जवळजवळ स्थान नव्हतें. इतकेंच नव्हे, तर शहराच्या मध्यावरील त्यांची मोक्याची जागा या निमित्तानें काढून घेऊन त्यांस दूर हंटर्स पॉइंटच्या दलदलीकडे पाठवावें असा घाट समितींतल्या प्रतिष्ठितांनीं घातला. चिनी वकिलातीनें गव्हर्नरास स्पष्ट कळविलें कीं, आमच्या वकिलातीची जागा आमच्या मालकीची आहे आणि आम्ही तेथेंच बांधणार. चिनी व्यापाऱ्यांनीं जमीनमालकांशीं संधान बांधिलें, गोऱ्या वास्तुशिल्पज्ञांस बोलावून वळणदार छपरांच्या इमारती उठविल्या, आणि बेत हाणून पाडला. आज प्रवासी जें ‘चायनाटाउन’ हौसेनें पाहावयास जातात तें अशा रीतीनें, कोणाच्या दयेवांचून, उभें राहिलें.

जपानी लोकांची कथा याहून बोचरी आहे. परदेशांतून आलेल्या देणग्यांत सर्वांत मोठी देणगी जपानची होती. ती सुमारें अडीच लाख डॉलर भरली. भूकंपाचा अभ्यास करण्यासाठीं टोकियोच्या विद्यापीठांतील प्राध्यापक ओमोरी तेथें गेले, तेव्हां रस्त्यांतील पोरांनीं त्यांच्यावर दगड फेंकले. आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, सुतार हिरवीं घरें ठोकीत असतांनाच, शहराच्या शाळा-मंडळानें हुकूम काढला कीं, जपानी मुलांनीं गोऱ्यांच्या शाळेंत न बसतां पौर्वात्यांच्या वेगळ्या शाळेंत बसावें. या चळवळीच्या पाठीशीं जो बहिष्कार-संघ होता त्याचे अध्यक्ष ओलाफ ट्विटमो हेच बिल्डिंग ट्रेड्स कौन्सिलचे चिटणीस होते. म्हणजे ज्या संघाच्या हातांनीं सोळा हजार निराश्रितांच्या डोक्यावर छप्पर घातलें, त्याच संघाचें डोकें शेजाऱ्याच्या मुलास शाळेबाहेर काढण्यांत गुंतलें होतें.

याचा निवाडा कसा करावा? एक पक्ष म्हणेल, सुतारांनीं घरें बांधलीं त्यांतच त्यांची माणुसकी दिसते, बाकीचें त्या काळाचें वारें. दुसरा म्हणेल, अशा माणसांच्या कौतुकाचें नांवच नको. मला दोन्ही निवाडे आळशीपणाचे वाटतात. काळाच्या वाऱ्यावर सर्व ढकलावें तर त्याच काळांत त्याच राष्ट्राचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं त्या शाळेच्या हुकुमास मूर्खपणा म्हटलेंच होतें. तेव्हां दुसरें कांहीं दिसणें अशक्य होतें असें नाहीं. आणि कौतुक सर्वथा टाळावें तर त्या घरांतून ज्या विधवांनीं व मजुरांनीं हिवाळा काढला त्यांच्या अनुभवास आपण खोटें ठरवितों. खरें असें कीं, हाताचें शहाणपण आणि मनाचें शहाणपण हीं दोन निराळीं असतात. हात फळीशीं प्रामाणिक राहतो, कारण फळी खोटें सहन करीत नाहीं; चौकट तिरपी बसली तर दार लगेच अडतें. मनाला असा तत्काळ अडविणारा कोणी नसतो. म्हणूनच समाजानें आपल्या कारागिरांच्या हातावर विश्वास टाकावा, पण कोणास छप्पर द्यावयाचें हा निर्णय कोणत्याहि एका संघाच्या, समितीच्या वा सावकाराच्या मनावर सोडूं नये.

दुसराहि एक बोध या हकीकतींतून निघतो. ‘तात्पुरतें’ हा शब्द आपण फार सैल वापरतों. संकट तात्पुरतें असतें. माणूस तात्पुरता नसतो. दहा महिन्यांचें मूल सहा महिने गळक्या छपराखालीं राहिलें तर त्याच्या आयुष्याचा तो मोठा हिस्सा झाला. म्हाताऱ्यास कदाचित् तोच शेवटचा हिस्सा. निराश्रितांसाठीं बांधावयाचें आहे, चार दिवसांचा प्रश्न आहे, असें म्हणून जो पातळ पत्रा व ओलें लांकूड वापरतो त्याचें गणित येथें चुकतें. शिवाय अनुभव असा कीं, निराश्रितांचे चार दिवस फार लांबतात. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या योजनेंत दोष पुष्कळ. पण घर उचलून नेण्याजोगें केलें, आणि तें राहणाऱ्याच्याच मालकीचें केलें, या दोन गोष्टींमुळें तें घर छावणीबरोबर मेलें नाहीं. माणूस मदतीखालून बाहेर पडला तेव्हां रिकाम्या हातानें पडला नाहीं.

आज अशीं घरें किती उरलीं आहेत? निश्चित ओळख पटलेलीं कांहीं डझनच असतील. १९८० नंतरच्या वर्षांत अशाच एका जोडघरांत राहणाऱ्या एका भाडेकरू बाईस आपल्या घराची पूर्वपीठिका कळली, तिनें ध्यास घेतला, आणि १९८४ सालीं तें घर शहराच्या संरक्षित वास्तूंत नोंदविलें गेलें. दोन घरें प्रेसिडिओंत जपून ठेविलीं आहेत. बाकीचीं कोठें गिलाव्याखालीं, कोठें परसांतील कोठाराच्या रूपानें दडलेलीं असतात. फळ्यांची जात, घराचें माप आणि मुळाचा तो बागेंतील हिरवा रंग यांवरून जाणते लोक त्यांची पारख करितात. त्या फळ्यांवर करवत चालविणाऱ्यांपैकीं एकाचेंहि नांव आपणांस ठाऊक नाहीं. शहराचे मोठे वाडे ज्यांनीं बांधविले त्यांचीं नांवें दगडांत कोरलेलीं होतीं, आणि तो दगड १८ एप्रिलच्या पहाटे रस्त्यांत येऊन पडला. या अनामिकांनीं आपलें नांव कोठेंच कोरलें नाहीं. दार मात्र असें बसविलें कीं तें शंभर वर्षांनंतरहि न अडतां उघडतें.